७९ रुपयांची डिलिव्हरी फी परत मागायला गेले आणि ४९,३४९ रुपये गेले

हे लिहायचं की नाही यावर मी दोन आठवडे घालवले. घरात फक्त ह्यांना आणि मुलाला माहीत आहे, सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. पण परवा शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "अहो, माझं पार्सल अडकलंय, कस्टमर केअरचा नंबर शोधतेय," आणि माझ्या पोटात गोळा आला. म्हणून लिहितेय.

मी एका शाळेच्या कार्यालयात हिशेब बघते, एकवीस वर्षं झाली. पावतीवर खाडाखोड असली तर परत पाठवणारी बाई आहे मी. "लॉटरी लागली" किंवा "वीज तोडणार" असले मेसेज मी वाचतसुद्धा नाही. तेव्हा "शिकलेल्या माणसांना कळत कसं नाही" असं कुणी म्हणणार असेल तर आधी पुढचं वाचा.

मिक्सरचं भांडं मागवलं होतं, किंमत १,१४९. सगळं भरून झाल्यावर शेवटच्या पानावर आकडा झाला १,२३८. त्यात डिलिव्हरी फी ७९ आणि प्लॅटफॉर्म फी १०. आधी एक किंमत दाखवायची आणि पैसे भरताना फी वाढवत न्यायची, या प्रकाराला केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्येच मनाई केली आहे. चालू मात्र सर्रास आहे. तरी मी भरले, सगळे आगाऊ.

सोमवारी दिवसभर मी घरी होते, शाळेला सुट्टी होती. संध्याकाळी मेसेज आला, "ग्राहक उपलब्ध नव्हते, डिलिव्हरी होऊ शकली नाही." बेल वाजली नाही, फोन आला नाही. मंगळवारी मी मुद्दाम रजा टाकून थांबले, तर अकरा वाजता पुन्हा तोच मेसेज. ॲपमध्ये मदत मागावी तर समोर यंत्र. तीन पर्याय देतं, त्यातला एकही आपला नसतो. माणसाशी बोलायची सोय सापडेना. न आणलेल्या पार्सलचे ७९ रुपये कापून घेतात आणि विचारायला नंबरसुद्धा ठेवत नाहीत, या संतापात मी मोबाईलवर कंपनीचं नाव आणि "कस्टमर केअर नंबर" टाकून शोधलं. वरच नंबर आला आणि मी लावला. कंपन्यांनी आपले नंबर लपवून ठेवल्यामुळेच या चोरांना बसायला जागा मिळते, हे माझं स्पष्ट मत आहे.

पलीकडचा माणूस अतिशय नम्र होता. मी ऑर्डर नंबर सांगितला, त्याने तो माझ्यामागे सावकाश परत म्हटला, जणू समोर बघून वाचतोय. म्हणाला, डिलिव्हरीवाल्याची चूक आहे मॅडम, फी परत करतो, पार्सल आज संध्याकाळी येईल. फक्त पत्ता पडताळायला पाच रुपये भरावे लागतील, तेही ७९ बरोबर परत येतील.

इथे मला कळायला हवं होतं. रोज रात्री आठवतं. पाच रुपये. मी त्यांच्याकडून पैसे घेणार होते, मग मी का भरायचे? आणि मी ज्या खात्यातून भरले त्याच खात्यात परतावा जातो, हे मी शाळेत पालकांना स्वतः समजावते. परताव्यासाठी कार्डाचा नंबर कशाला लागेल? पण तेव्हा मी हिशेब करत नव्हते, मी भांडत होते. माझं म्हणणं कुणीतरी ऐकून घेतंय याचंच मला बरं वाटत होतं. आणि पाच रुपयांसाठी कोण फसवेल, असंही वाटलं. रक्कम इतकी लहान ठेवतात ती त्यासाठीच.

त्याने व्हॉट्सॲपवर एक फाइल पाठवली, वर कंपनीचंच चिन्ह. ती उघडताना मोबाईलने इशारा दिला की हे ॲप धोकादायक असू शकतं. मी त्याला तसं सांगितलंसुद्धा! "वो सबको आता है मॅडम, आगे बढिए." ॲपने मेसेज वाचायची परवानगी मागितली, ती दिली. मग कार्डाचा नंबर, मुदत, मागचे तीन आकडे. फोन स्पीकरवर होता. ५ रुपये लिहिलेल्या पानावर चक्र फिरत राहिलं आणि वरून मेसेज सरकायला लागले. एकात मला "२४,९९९" दिसलं. डोळ्यांनी पाहिलं मी. विचारलं तर म्हणाला, "वो रेफरन्स नंबर है, कॉल मत काटिए." आणि मी काटला नाही.

ओटीपी मी कुणालाही सांगितला नाही. हे ठासून सांगते, कारण बँक आता मला तेच ऐकवतेय. ते ॲपच मेसेज वाचून पुढे पाठवत होतं.

१२ वाजून २६ मिनिटांनी २४,९९९ गेले. १२.२७ ला १९,५००. फोन कट झाल्यावर मी मेसेज वाचले आणि १२.३१ ला बँकेच्या हेल्पलाइनवर फोन लावला. मराठीसाठी अमुक दाबा, कार्डसाठी तमुक दाबा, मग संगीत. मी लाइनवर ताटकळत असताना १२.४४ ला तिसरे ४,८५० गेले. माणूस बोलला १२.४९ ला. असं झालं तर फोनवर थांबू नका. ज्या मोबाईलमध्ये ते ॲप आहे त्याचं इंटरनेट आधी बंद करा, सिम काढा, आणि दुसऱ्याच्या फोनवरून कार्ड ब्लॉक करा. मी त्याच मोबाईलवरून बोलत बसले आणि ओटीपी जातच राहिले.

१९३० हा सायबर हेल्पलाइनचा नंबर चौथ्या वेळी लागला. त्या मुलीने नीट ऐकून घेतलं, तक्रार क्रमांक दिला. या सगळ्यात माणसासारखी वागलेली ती एकटी. ४,८५० एका वॉलेटमध्ये अडवले गेलेत म्हणे. माझ्या हातात अजून आलेले नाहीत.

पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य, "हे आमच्याकडे येत नाही, सायबरला जा." सायबरला गेले तर, "तुमच्या ठाण्याचं पत्र आणा." परत ठाण्यात, तर साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्या दिवशी एकाने माझ्यासमोर दुसऱ्याला सांगितलं, "ऑनलाइन शॉपिंगवाली केस." बाकावर चार माणसं बसली होती, सगळ्यांनी वळून पाहिलं. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर घ्यावीच लागते. मुलाने ते छापून दिलं होतं, मी टेबलावर ठेवलं. तेव्हा कुठे अर्ज घेतला. शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय मी उठले नाही, तुम्हीही उठू नका.

आणि बँक! जिथे माझा पगार इतकी वर्षं जमा होतो, तिथल्या अधिकाऱ्याने मान वर न करता सांगितलं, "ओटीपी टाकलाय म्हणजे व्यवहार तुमचाच." रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर आहे. चूक ग्राहकाची असली तरी कळवल्यानंतरचं नुकसान बँकेने सोसायचं आहे. मग १२.४४ चे ४,८५० कुणाचे? ते म्हणतात तक्रार १२.४९ ला नोंदली. मी म्हणते फोन १२.३१ ला लागला होता आणि तुम्ही मला संगीत ऐकवत होतात. कॉलचा तपशील काढून जोडलाय. तोंडी बोलणं सगळं वाऱ्यावर जातं, म्हणून प्रत्येक गोष्ट ईमेलने कळवा.

तो नंबर अजूनही शोधलं की वर येतो. मी दोनदा तक्रार केली. नंबर घ्यायचाच असेल तर तो ॲपच्या आतून किंवा बिलावरून घ्या, शोधून कधीच नाही. डिलिव्हरीवाल्याचं नाव सांगून कुणी *४०१* किंवा *२१* ने सुरू होणारा नंबर दाबायला लावला तर दाबू नका, तुमचे कॉल दुसरीकडे वळतात. दाबला गेलाच असेल तर ##००२# लावा. व्हॉट्सॲपवरून आलेली कुठलीही ॲपची फाइल उघडू नका, मग ती लग्नपत्रिका म्हणून आलेली का असेना. मुलाने माझा मोबाईल पूर्ण पुसून नव्याने सुरू केला, तोवर मी त्यात काही उघडलं नाही.

पार्सल गुरुवारी आलं. वॉचमनकडे ठेवून गेला, बेल तेव्हाही वाजवली नाही. कंपनीचं उत्तर शनिवारी आलं: डिलिव्हरी पूर्ण झाली असल्याने ७९ रुपये परत करता येणार नाहीत.

बँकेला लेखी तक्रार देऊन आज १९ दिवस झाले. ३० दिवसांत समाधानकारक उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याचा अर्ज मी आत्ताच भरून ठेवलाय.