तक्ता पाठ करावा की मराठीतून शिकावं? इंग्रजी 'इफ'चे दोन रस्ते

"मावशी, कंडिशनलसाठी भंवरकुआंला क्लास लावू, की तुझ्याकडेच येऊन बसू?" भाचीने गेल्या महिन्यात विचारलं. कंडिशनल म्हणजे इंग्रजीतली 'इफ'ची, आपली जर-तरची वाक्यं; आणि भंवरकुआं म्हणजे आमच्या इंदूरमधला क्लासेसचा भाग. मी काही वर्षं एका क्लासमध्ये फळ्यासमोर उभी राहून शिकवलंय आणि आता राजेंद्रनगरला घरीच, जेवणाच्या टेबलावर शिकवते. दोन्हींची खोड मला माहीत आहे, म्हणून तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते.

क्लासचा रस्ता म्हणजे तक्ता. झीरो, फर्स्ट, सेकंड, थर्ड असे चार खण. प्रत्येक खणात 'इफ'नंतर कोणतं रूप आणि पुढच्या वाक्यात कोणतं, एवढंच. झीरोत दोन्हीकडे साधा वर्तमानकाळ, फर्स्टमध्ये वर्तमानकाळ आणि 'विल', सेकंडमध्ये साधा भूतकाळ आणि 'वुड', थर्डमध्ये 'हॅड' लावलेलं रूप आणि 'वुड हॅव'. अर्ध्या तासात वहीत उतरतं, आठवड्यात पाठ होतं. बँकेच्या परीक्षेत 'चूक ओळखा' असा प्रश्न आला की तक्ता पाठ असलेला मुलगा अर्धं वाक्य वाचूनच खूण करतो. हे कमी समजू नका. घड्याळ लावून पेपर सोडवताना विचार करत बसायला वेळ कोणाला असतो?

अडचण येते तोंड उघडल्यावर. समोरचा बोलत असताना 'आता हा सेकंड की थर्ड' हे आठवत बसलात, तर तोवर तो पुढच्या विषयावर गेलेला असतो. आणि आपल्या मुलांच्या बाबतीत एक वेगळंच दुखणं आहे, ते तक्त्यात कुठेच दिसत नाही.

हे वाक्य बघा: "माझ्याकडे गाडी असती तर मी तुला सोडलं असतं." हे मी आत्ता, दारात उभी राहून म्हणू शकते. गाडी नाही, म्हणून सोडत नाही. गेल्या दिवाळीला तू स्टेशनवर ताटकळलीस त्याबद्दलही अगदी हेच वाक्य म्हणू शकते. मराठीचा संकेतार्थ दोन्ही वेळा एकाच 'असता'वर भागवतो, वेळ कोणती ते संदर्भावरून कळतं. इंग्रजीला ते चालत नाही. आत्ताचं असेल तर 'इफ आय हॅड अ कार, आय वुड ड्रॉप यू'. दिवाळीचं असेल तर 'इफ आय हॅड हॅड अ कार, आय वुड हॅव ड्रॉप्ड यू'. तो दोनदा आलेला 'हॅड' बघून मुलांना वाटतं छपाईची चूक आहे. भाचीनेही पहिल्यांदा एक 'हॅड' पेन्सिलीने खोडला होता.

म्हणून माझ्या टेबलावर आधी मराठी वाक्य ठेवते आणि दोनच प्रश्न विचारते. हे घडू शकतं, की नुसती कल्पना आहे? आणि कल्पना असेल, तर आजची की होऊन गेलेल्या गोष्टीची? घडू शकत असेल तर 'विल'. आजची कल्पना असेल तर 'वुड'. गेलेल्याची असेल तर 'वुड हॅव'. खणांची नावं शेवटी सांगते, कारण परीक्षेत ती विचारतात.

फर्स्टमध्ये तर आपल्यावर दोन्हीकडून ओढ असते. घरात आपण म्हणतो, "उद्या पाऊस आला तर मी येणार नाही." गोष्ट उद्याची, रूप मात्र 'आला'. मग वहीत येतं 'इफ इट रेन्ड, आय विल नॉट कम'. गल्लीत तोच मुलगा हिंदीत म्हणतो, "बारिश होगी तो नहीं आऊंगा." मग येतं 'इफ इट विल रेन'. दोन्ही चुका मी एकाच वहीत, एकाच पानावर पाहिल्या आहेत. बरोबर वाक्य आहे 'इफ इट रेन्स टुमारो, आय विल नॉट कम'. तक्ता ते सांगतो, पण चूक कुठून आली ते सांगत नाही, म्हणून ती परत येते. इंदूरच्या मुलाला तो उगम दाखवला की तो स्वतःच हसतो आणि पुढच्या वेळी थबकतो. तेवढं थबकणं पुरतं.

थर्डसाठी माझा लाडका सराव राजवाड्याकडचा आहे. 1754 मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव होळकर धारातीर्थी पडले. त्यांच्या पत्नी अहिल्याबाई सती जायला निघाल्या, सासरे मल्हाररावांनी त्यांना अडवलं. पुढे 1767 पासून अहिल्याबाईंनी महेश्वरहून राज्य चालवलं. आता वाक्य करा: 'इफ मल्हारराव हॅड नॉट स्टॉप्ड हर, शी वुड नॉट हॅव रूल्ड'. ती गोष्ट होऊन गेली, बदलता येत नाही, म्हणून 'वुड हॅव'. मग मी परिणाम आजवर ओढायला सांगते: 'इफ मल्हारराव हॅड नॉट स्टॉप्ड हर, महेश्वर वुड बी अ डिफरंट टाऊन टुडे'. पहिला अर्धा गेलेल्या काळातला, दुसरा आजचा. याला मिक्स्ड म्हणतात आणि चार खणांच्या तक्त्यात ते बसत नाही. दोन प्रश्न विचारायची सवय असलेल्या मुलीला मात्र ते वेगळं शिकवावंच लागत नाही.

मराठीच्या रस्त्यालाही खड्डे आहेत. पहिला म्हणजे वेळ. सुरुवातीचे तीन-चार आठवडे मुलगी हळू बोलते, कारण दरवेळी स्वतःला विचारते. दुसरा 'अनलेस'. त्यात 'नाही' आधीच बसलेलं असतं, पण मराठीतून येणारी मुलं "तू आला नाहीस तर" डोक्यात धरून 'अनलेस यू डोंट कम' म्हणतात आणि अर्थ उलटा होतो. इथे भाषांतर कामाचं नाही, पाठांतरच हवं. 'इफ आय वेअर यू'मधला 'वेअर'ही तसाच. 'आय'ला 'वेअर' का, याचं उत्तर मराठीत शोधायला जाऊ नका, घोकून टाका.

सरावाचं म्हणाल तर रिकाम्या जागा भरणं मला अर्धवट वाटतं. कंसात क्रियापद दिलेलं असतं, म्हणजे विचाराचं अर्धं काम पुस्तकानेच केलेलं. त्यापेक्षा पोहे खाता खाता पाच वाक्यं तोंडी करा: आज काय झालं तर काय कराल, काल काय झालं असतं तर काय केलं असतंत. त्यातली दोन लिहा. 'इफ' आधी आला तर मध्ये स्वल्पविराम, नंतर आला तर नाही. एवढं बघितलं की पुरे.

मग कोणी काय निवडावं? बँकेची किंवा तशीच खुणा करायची परीक्षा महिन्या-दीड महिन्यावर असेल तर क्लास लावा, तक्ता घोका, मराठी नंतर. परदेशी जाण्यासाठी लागणाऱ्या आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेला बसायचं असेल तर नुसत्या तक्त्यावर जाऊ नका. तिथे निबंध आणि बोलणं दोन्हींत चार निकष असतात, त्यांतला एक व्याकरणाची विविधता आणि अचूकता यांचा. घोकलेलं वाक्य तिथे लगेच उघडं पडतं. नोकरीत बोलायला हवं असेल, किंवा मूल सातवी-आठवीत असेल, तर माझं मत सरळ मराठीच्या बाजूने आहे.

भाचीची परीक्षा बँकेची निघाली. तिला मी क्लासलाच पाठवलं. रविवारी सकाळी मात्र ती येते, आणि पोहे वाढण्याआधी तिला एक 'वुड हॅव' द्यावा लागतो.