राणीछाप रुपयांच्या थप्पीत वरचा आणि खालचा, एवढेच खरे

१,८६,६०० रुपये. एवढी माझी रक्कम खोट्या चांदीत गेली आणि ती घेणारा माणूस आजही मोकळा फिरतो आहे. आकडा मुद्दाम आधीच लिहिते, कारण पोलीस ठाण्यात ‘किरकोळ व्यवहार’ असं ऐकून आले आहे. शिलाईच्या मशीनवर बसून आणि भिशी लावून जमवलेले पैसे आहेत ते. किरकोळ कुणाला म्हणता?

पद्धत तुम्हा सगळ्यांना माहीत असेल. आधी थोडा खरा माल द्यायचा, विश्वास बसला की मोठ्या व्यवहारात हात मारायचा. मलाही माहीत होती, म्हणूनच मी आधी पाचच नाणी घेतली. राणीछाप रुपये, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या काळातले चांदीचे रुपये, १,६५० ला एक, एकूण ८,२५० रुपये यूपीआयने. ती पाचही आमच्या नेहमीच्या सराफांकडे नेली. त्यांनी काट्यावर टाकली, कस लावून पाहिला आणि म्हणाले, “चोख आहेत वहिनी, द्यायची असली तर मीच घेतो.” यापुढे आणखी काय तपासायचं होतं?

‘स्वस्तात मिळतंय म्हणून धावलीस’ असं आता नात्यातले लोक तोंडावर बोलतात. त्यांनी जरा हिशोब करावा. दिवाळी २०२५ च्या आधीचे दिवस. चांदीचा किलोचा भाव दीड लाखाच्या कधीच पुढे गेलेला, त्या दिवशी विकणाऱ्याने १,६८,००० सांगितला. राणीछाप रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळ्याचा, आणि त्यात चांदी ९१.७ टक्के. निव्वळ चांदी झाली १०.७ ग्रॅमच्या आसपास, किंमत १,७९६ रुपये. मला नाणं पडलं १,६५० ला. फरक १४६ रुपयांचा. मोड, म्हणजे जुनी चांदी, घेताना सराफ एवढी घट तर सहज धरतो. अर्ध्या किमतीत कुणी दिलं असतं तर मीही पाऊल मागे घेतलं असतं. हा माणूस तेवढ्यासाठीच भाव फार खाली आणत नाही.

माणूस भिशीतल्या एका बाईंच्या ओळखीचा. शेजारच्या तालुक्याच्या बाजारपेठेत भाड्याचा गाळा, काचेचं काउंटर, शिक्का मारलेला काटा. जुन्या घरांमधली मोड विकत घेतो म्हणायचा. मला मुलीच्या लग्नासाठी ताट, वाटी, तांब्या आणि समयांची जोडी चांदीकामाच्या हुपरी गावात घडवून घ्यायची होती. भाव रोज चढत होता, म्हणून आत्ताच चांदी घेऊन ठेवावी एवढाच विचार. ८० नाणी घेतली, १,३२,०००. अर्ध्या किलोची लगड, म्हणजे चांदीची वीट, घेतली, किलोला १,६२,००० च्या भावाने ८१,०००. एकूण २,१३,०००. त्यातले १,००,००० यूपीआयने, १,१३,००० रोख. बिल मागितलं, तर म्हणाला, “ताई, बिल केलं तर तीन टक्के जीएसटी, ६,३९० रुपये जादा पडतील. तुमच्या पोरीच्या लग्नाचं काम, कशाला सरकारला देता?” यूपीआय करताना स्क्रीनवर नाव भलतंच आलं. “भाच्याचं खातं आहे,” म्हणाला. पैसे घेणाऱ्याचं नाव आणि समोरच्या माणसाचं नाव जुळत नसेल तर बोट तिथेच थांबवा. कारण विचारूच नका, त्यांच्याकडे कारण तयार असतं.

आता जो क्षण रात्री झोपू देत नाही तो सांगते. नाणी दहा-दहाच्या थप्प्यांमध्ये कागदात गुंडाळलेली होती. मी म्हटलं, एक थप्पी उघडा. त्याने काउंटरवर कापड अंथरून कागद सोडला. वरचं नाणं उचलून माझ्या हातात दिलं, खालचं दिलं, दोन्ही चोख. मधली नाणी त्याने कापडावर पसरली आणि मी दोन उचलली. दोन्ही १८६२ सालची. दोन्हींवर राणीच्या कानाखाली बारीक खाच, त्याच जागी, त्याच तिरकसपणाची. मी बोलले! मी त्याला तेव्हाच म्हटलं, “दोन्हींवर एकच खूण कशी काय?” तो अडखळलासुद्धा नाही. “टांकसाळीतली खोड आहे ताई, ठशालाच तडा होता, त्या सालच्या पुष्कळ नाण्यांवर सापडते.” इतक्या सहज बोलला की मलाच अडाण्यासारखं वाटलं. मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती, तीही त्याचीच असावीत असं आता वाटतं, कारण त्यातला एक लगेच म्हणाला, “माझ्याकडेपण आहे तसला.”

मागाहून कळलं ते असं. ठशाला तडा गेला की नाण्यावर उंचवट्याची रेघ उठते. खाच पडत नाही. खाच म्हणजे नाणं चलनात असताना बसलेला मार, आणि दोन नाण्यांना हुबेहूब एकाच जागी मार बसत नाही. कुणीतरी एक मार बसलेलं खरं नाणं घेऊन त्यावरून साचा केला आणि त्यातून सगळी काढली. एवढं साधं! पण हे सांगायला त्या क्षणी शेजारी कुणी नव्हतं. आणि आवाजसुद्धा. खरा बंदा रुपया दगडी फरशीवर टाकला की खणकन वाजतो आणि नाद रेंगाळतो. त्याने कापड अंथरलं ते काय नाण्यांवर चरे पडू नयेत म्हणून? कापड काढायला लावा. काढत नसेल तर उठा.

दुसऱ्या एका थप्पीतली चार नाणी तर वाचता येणाऱ्या कुणालाही सापडली असती. साल १८६२ आणि राणीभोवती अक्षरं ‘व्हिक्टोरिया एम्प्रेस’. राणी सम्राज्ञी झाली १८७७ ला. त्याआधीच्या रुपयावर ‘व्हिक्टोरिया क्वीन’ असतं. ही थप्पी त्याने उघडूच दिली नाही, “सगळ्या सारख्याच आहेत” म्हणाला. म्हणून सांगते, प्रत्येक थप्पी उघडा आणि नाणी स्वतः मधून उचला, त्याच्या हातून घेऊ नका.

उघडकीला आलं हुपरीत. कारागिरांनी एका नाण्याला कानसीने ओरखडा काढून तेजाबाचा थेंब सोडला, तो हिरवा फेसाळला. जर्मन सिल्व्हर, वर चांदीचा मुलामा. नाव सिल्व्हर असलं तरी त्यात तांबं, जस्त आणि निकेल, चांदीचा कणही नाही. आठ थप्प्यांमधली वरची आणि खालची अशी १६ नाणी खरी निघाली, ६४ खोटी. १,०५,६०० तिथे गेले. वजन मात्र सगळ्यांचं साडेअकरा ग्रॅमच्या पुढे, व्यासही बरोबर. ते कसं साधलं? धातू हलका म्हणून नाणं जाड केलं. खऱ्या दहा रुपयांच्या थप्पीशेजारी यांची थप्पी ठेवली की उघड्या डोळ्यांना उंच दिसते. फक्त वजनाच्या काट्यावर विसंबणारा फसणारच.

लगड मी विट्याच्या एका गलाईवाल्या मामांकडे नेली. आमच्याकडचे गलाईवाले देशभर सोनं-चांदी गाळतात, त्यांना नुसत्या हातानेही पुष्कळ कळतं. त्यांनी छिन्नी लावून हातोडा मारला. आत तांबूस. जाड मुलाम्याखाली तांब्याची वीट. आणि या लगडीचं टंच, म्हणजे शुद्धतेची तपासणी, मी स्वतः दुकानातल्या पोरासोबत जाऊन काढून आणलं होतं हो! छापील चिठ्ठी आहे, ९९ टक्क्यांच्या वरची. मामा म्हणाले, टंच काढणारं यंत्र वरचा पातळ थर तेवढा वाचतं, आतलं त्याला दिसत नाही. म्हणजे यंत्रही बरोबर, चिठ्ठीही खरी, आणि माझे ८१,००० गेले. जाड चांदीचं टंच काढायचं तर कापून किंवा भोक पाडून काढा. विकणारा ‘लगड खराब होईल’ म्हणाला तर घेऊ नका.

चुंबकाचा प्रयोग सांगणारे फार भेटतात. तांबं, पितळ, शिसं, जर्मन सिल्व्हर, यातलं काहीच साध्या चुंबकाला चिकटत नाही. तो प्रयोग फक्त लोखंड पकडतो, आणि लोखंड घालण्याइतका मूर्ख ठग मला भेटला नाही. बर्फ ठेवून बघा म्हणतात, पण तांब्यावरही बर्फ तितकाच झरझर वितळतो. पाणी मात्र खोटं बोलत नाही, कारण हलका धातू तेवढ्याच वजनाला जास्त जागा घेतो. अर्ध्या किलो चांदीने ४८ मिलिलिटरपेक्षा कमी पाणी वर चढतं, तांब्याने ५६ च्या आसपास. औषधाच्या दुकानात मिळतं तसं मापाचं भांडं पुरलं असतं. नाण्यासाठी दोन दशांश स्थळं दाखवणारा छोटा काटा घ्या. त्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा आणि नाणं दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असं धरा. राणीछाप रुपया १.१३ ग्रॅमच्या जवळ दाखवतो. माझी १.३ च्या वर जात होती.

आणि आता कार्यालयं. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, “बिल आहे का?” दुसरा, “व्यवहार कुठे झाला?” शेजारच्या तालुक्यात म्हटल्यावर, तिकडे जा. तिकडे गेले तर, राहता कुठे, तिथेच तक्रार द्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्वच्छ लिहिलं आहे की हद्द कोणतीही असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर घेतलीच पाहिजे. कागद पुढे केला तर म्हणाले, “ताई, आम्हाला कायदा शिकवू नका.” शेवटी साध्या अर्जावर पोच दिली, गुन्हा नोंदवला नाही. ‘हा दिवाणी वाद आहे’ म्हणे! नाण्याच्या पोटात जर्मन सिल्व्हर भरलं हा दिवाणी वाद? वर एकाने हळूच विचारलं, नाणी गुप्तधनातली तर नाहीत ना, मग तुमच्यावरच येईल. फसलेल्या बाईला घाबरवून घरी पाठवायची ही रीत! माझी नव्हती, पण कुणी ‘पाया खणताना हंडा सापडला’ म्हणून नाणी दाखवत असेल तर लक्षात ठेवा, असा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवण्याचा कायदा १८७८ पासून आहे, आणि फसलेला माणूस त्याच भीतीने तोंड उघडणार नाही यावरच त्यांचा धंदा चालतो.

वजनमापाच्या कार्यालयात सांगितलं, वजन तर बरोबर आहे. हॉलमार्कचं विचारलं तर उत्तर आलं, वस्तूवर हॉलमार्कच नाही तर नियम मोडला कुठे? चांदीला १ सप्टेंबर २०२५ पासून एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक वस्तूच्या वेगळ्या ओळख क्रमांकाचा, हॉलमार्क आला, पण तो ऐच्छिक. सोन्याला सक्ती आणि चांदीला मर्जी! चांदी कोण घेतं? ज्याला सोनं परवडत नाही तो. सक्तीची जास्त गरज कुणाला आहे? बँकेत म्हणाले, पैसे तुम्ही स्वतःच पाठवलेत. सराफांच्या संघटनेत म्हणाले, तो आमचा सभासद नाही. मग एवढी वर्षं भर बाजारपेठेत काउंटर टाकून बसला होता तेव्हा कुणाला दिसला नाही?

बिल घ्या. ६,३९० वाचवायला गेले नसते तर ग्राहक आयोगात सरळ उभी राहिले असते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्कही नाही. तरी यूपीआयची नोंद आणि टंचाची चिठ्ठी जोडून मी तक्रार तयार केली आहे. पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने अर्ज गेला आहे. तिथूनही हलले नाहीत तर वकील त्याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करणार आहेत. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, हे ठाण्यात जाताना लिहून न्या.

गाळ्याला आता कुलूप आहे आणि त्याचा फोन बंद. भिशीतल्या आणखी दोघींनी त्याच्याकडून घेतलं आहे आणि त्या लाजेने थप्प्या उघडायलाही तयार नाहीत. लाज त्याला वाटायला हवी, तुम्हाला का? ज्यांनी ज्यांनी अशा कागदात गुंडाळलेल्या थप्प्या घेतल्या त्यांनी मधलं नाणं काढून तपासून घ्या, आणि खोटं निघालं तर ते विकू नका, वितळवू नका, तसंच ठेवा. तो पुरावा आहे. मग स्वतंत्र लेखी अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका. एका बाईच्या अर्जाला दिवाणी वाद म्हणता येतं, दहा जणींच्या अर्जांना ते म्हणून दाखवावं.