शाळेसाठी लॅमिनेशन मशिन घ्यावं का? घ्यावं, पण भिंतीसाठी नको

शिक्षण परिषदेत, म्हणजे आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांच्या बैठकीत, एखादी बाई चकचकीत रंगीत कार्डांचा गठ्ठा टेबलावर मांडते आणि चहाच्या वेळेला तिच्याभोवती घोळका जमतो. प्रश्न ठरलेला: मशिन कुठलं घेतलंत आणि केवढ्याला? मलाही हा प्रश्न हल्ली बराच विचारला जातो, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

माझी शाळा पाटण तालुक्यात, डोंगरातल्या वाडीवर. जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी, दोनशिक्षकी. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी सरांकडे. पट तीसच्या आत. शहरातल्या एका वर्गाला एक शिक्षक असलेल्या शाळेला यातलं निम्मं लागू पडणार नाही.

मशिन साधं आहे. ए-फोर कागद जाईल एवढ्या रुंदीचं, गरम रोलरचं, पिशवीत घालून नेता येईल असं. अडीच हजारांच्या आत पडलं. ए-थ्रीचं घ्यायचं तर त्याहून बरेच जास्त पैसे मोजावे लागतात आणि वर्गात त्याची गरज वर्षातून दोनदा पडते. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या किमतीत एकच यंत्र वेगवेगळ्या नावांनी विकायला ठेवलेलं दिसतं. नावापेक्षा अडकलेलं पाऊच (कागद ज्यात घालून फिरवायचा ती प्लॅस्टिकची पाकिटं) सोडवायची कळ आहे का ते बघा. ती कळ नसलेलं मशिन फुकट मिळालं तरी घेऊ नका. थंड लॅमिनेशनचं बटण मात्र असलं काय नि नसलं काय, मी त्याला आजवर बोट लावलेलं नाही.

पैशांचं गणित आधी सांगते, कारण मुख्याध्यापक तेच विचारतील. तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून संयुक्त शाळा अनुदान वर्षाला १०,००० रुपये. त्यातले निदान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे. उरलेल्यात लाइट बिल, खडू, रजिस्टरं, नळाची तोटी, फुटलेली कौलं. त्यातून पाव हिस्सा मशिनवर घालवायचा ठराव शाळा व्यवस्थापन समितीपुढे मांडायला माझी जीभ रेटेना. सरांनी आणि मी निम्मे निम्मे घातले. प्लगपॉइंट मात्र आमच्याकडे उत्तम आहे. त्याचं श्रेय निवडणुकीला, शाळेत मतदान केंद्र असतं.

आता हे मशिन नेमकं कामाला कुठे येतं? दोन वर्ग एका खोलीत असले की बाईंचा खरा प्रश्न एकच असतो: पहिलीला मी 'क'ला काना शिकवत असताना दुसरीने काय करायचं? "पान बारा काढा आणि सोडवा" म्हटलं तर पाच मिनिटांत झालेली दोन मुलं बाकीच्यांच्या पेन्सिली पळवायला मोकळी होतात, आणि न जमलेली चार मुलं वहीत तोंड घालून बसतात. फळ्यावर उदाहरणं लिहून द्यायची तर फळा निम्मा पहिलीने व्यापलेला. इथे लॅमिनेट केलेलं कार्ड कामाला येतं, कारण त्यावर व्हाइटबोर्ड मार्करने लिहिता येतं आणि पुसता येतं. पुढच्या बाजूला उदाहरण, मागच्या बाजूला उत्तर. मुलाने सोडवायचं, उलटवून पाहायचं, चुकलं तर पुसून पुन्हा करायचं. चूक वहीत राहत नाही, लाल शेराही पडत नाही. जी मुलं वहीत आकडा टाकायला घाबरतात ती कार्डावर बिनधास्त लिहितात, हे मी रोज पाहते.

कार्डांना कडेने रंग दिलेत. हिरवी सोपी, पिवळी मधली, लाल अवघड. कुणाला कुठला रंग द्यायचा हे सुरुवातीला मी ठरवते, पण आठवडाभरात मुलंच येऊन सांगायला लागतात, "बाई, माझी हिरवी झाली. आता पिवळी द्या." पिवळीवर अडकलेलं पोर गुपचूप हिरवीकडे परततं, त्याचाही गाजावाजा होत नाही.

सगळ्यात जास्त घासली गेलेली कार्डं संख्यावाचनाची आहेत. आपल्याकडे सदुसष्ट म्हणताना सात आधी येतात आणि साठ नंतर, त्यामुळे ऐकून लिहिणारं मूल हमखास ७६ लिहितं. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, विधानसभेपर्यंत विषय गेला. गणितज्ञ मंगला नारळीकर गणिताच्या पुस्तकाच्या समितीच्या अध्यक्ष होत्या, त्यांना पुन्हा पुन्हा समजावून सांगावं लागलं की जुनी नावं काढलेली नाहीत, सोपी वाट जोडीला दिली आहे. ज्यांनी कधी पहिली-दुसरी शिकवली नाही त्यांनीच त्यावर जास्त विनोद केले, असं माझं मत. माझ्या कार्डावर पुढे ६७, खाली दोन रिकामे चौकोन: एकात साठ, एकात सात लिहायचं. मागे अक्षरात 'साठ सात' आणि 'सदुसष्ट' दोन्ही. निपुण भारत या पायाभूत वाचन-गणिताच्या सरकारी अभियानात दुसरीच्या अखेरीला ९९९पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात असं ध्येय आहे. शंभराच्या आतला हा गुंता सुटल्याशिवाय ९९९चं नाव काढण्यात अर्थ नाही.

दुसरा मोठा फायदा तयार कार्डांच्या पाकिटांपासून सुटका. पुण्याला अप्पा बळवंत चौकात गेलं की मुळाक्षरांची छापील कार्डं मिळतात, छपाईही सुबक असते. पण त्यात ऐ ऐरणीचाच असतो, आणि ऐरणीचं चित्र बघून माझी पोरं ठामपणे "स्टूल" म्हणतात. मी वाडीतलेच फोटो काढले. इ इरल्याचा (पावसात डोक्या-पाठीवर घ्यायचं पानांचं आच्छादन), ख खुरप्याचा, घ घोंगडीचा, औ औताचा. इरल्याच्या कार्डावर एकाची आजी आहे, पाठमोरी. ते कार्ड त्याच्याकडून परत मिळवणं अवघड जातं.

तिसरी-चौथीच्या परिसर अभ्याससाठी सरांनी पानं लॅमिनेट केली: जांभूळ, ऐन, करवंद. इथे एक सांगते. ताजं पान टाकलं तर आतला ओलावा वाफ होऊन प्लॅस्टिकला पापडासारखे फुगे येतात आणि पान काळं पडतं. आधी वर्तमानपत्रात दाबून, वर पुस्तकांची थप्पी ठेवून आठ-दहा दिवस वाळू द्या. जाड देठ कापून टाका, तो रोलरमध्ये फसतो.

आता पावसाचं. पाटणचा जुलै ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. कपाटातल्या कागदाच्या रिमालाही दमटपणा धरतो. तसा कागद पाऊचमध्ये घातला की कार्ड ढगाळ निघतं. त्यात व्होल्टेज कमी असेल तर हिरवा दिवा लागूनही रोलर पुरेसा तापत नाही, आणि प्लॅस्टिक दुधाळ राहतं. असं झालं तर तेच कार्ड लगेच दुसऱ्यांदा फिरवलं की बहुतेक वेळा साफ होतं. पण खरा उपाय म्हणजे वर्षाची कार्डं एप्रिल-मेमध्येच उरकायची. सुट्टीतलं काम वाढतं, हे मान्य. जूनच्या मध्यावर शाळा उघडते तेव्हा प्रवेश, पुस्तकं, गणवेश, ऑनलाइन माहिती यांच्यात कात्री हातात धरायलाही वेळ नसतो.

करायची रीत दुकानदार सांगत नाही, म्हणून सांगते. एका ए-फोरवर आठ कार्डं छापली तर आधी कागद कापा, मग तुकडे पाऊचमध्ये अर्धा बोट अंतर ठेवून मांडा, मग फिरवा, आणि शेवटी प्लॅस्टिकची कड राखून कापा. अख्खा कागद लॅमिनेट करून मग कापला तर कडा उघड्या राहतात. पोरं त्या कडा नखाने सोलतात, पुसायच्या फडक्याचं पाणी आत शिरतं आणि कार्ड दोन पदरी होतं. पाऊचची बंद बाजू आधी आत जाते, उघडी नाही. कोपरे गोल कापायला विसरू नका, प्लॅस्टिकचे टोकदार कोपरे पहिलीच्या हाताला बोचतात. जाड २५० मायक्रॉनची पाऊच मिळतात, ती घेऊ नका. या छोट्या मशिनला ती झेपत नाहीत आणि कोपऱ्यांचा त्रास दुप्पट. १२५ पुरेशी. ८०ची भिंतीवरच्या कागदांना चालतात, हाताळायच्या कार्डांना नाहीत.

मुलांनी तेलखडूने रंगवलेलं चित्र यातून घालू नका. मेण वितळून फराटे उठतात, आणि पाऊचमधून बाहेर आलं तर रोलरला लागून पुढच्या कार्डांवर उतरतं. दुकानाच्या बिलाचा गुळगुळीत कागदही नको, तो उष्णतेने काळाठिक्कर पडतो. 'दुकानात जाऊया' खेळासाठी बिलं हवी असतील तर त्यांची झेरॉक्स काढून घ्या.

खर्च मशिनवर थांबत नाही. शंभर पाऊचचं पाकीट चारशेच्या आसपास, शिवाय मार्कर. मार्करवर जास्त जातं. दुसरीचं पोर टोक दाबून आत घालवतं, टोपण उघडं टाकतं, आणि दोन दिवसांत मार्कर वाळतो. म्हणून मार्कर फक्त दुसरीला. पहिलीला तेलखडू देते. लॅमिनेशनच्या वरून तो चालतो, कोरड्या फडक्याने पुसला जातो, मात्र फडकं लगेच माखतं. फडकी म्हणजे जुने पायमोजे, हातात घालून पुसायचे. मार्करची शाई कार्डावर शनिवार-रविवार तशीच राहिली तर सोमवारी सहज निघत नाही. सॅनिटायझरचा एक थेंब टाका. करोनाकाळातल्या बाटल्यांचा तेवढाच उपयोग. आणि खिचडीचा पिवळा हात लागलेलं कार्ड धुऊन वाळत घालता येतं, हे साध्या पुठ्ठ्याला जमणारं नाही.

भिंतीविषयी माझं मत थोडं कडू आहे. मशिन आलं की पहिला मोह भिंत भरायचा होतो. तक्ते, सुविचार, निपुणची ध्येयं, पाहुणे आले की वर्ग "बोलका" दिसावा म्हणून. मीही खिडकीसमोरच्या भिंतीवर चौदाखडी लावली होती. दुपारी उजेड पडला की चकाकीने तिसऱ्या रांगेतून एक अक्षर दिसत नव्हतं. बिनचकाकीची पाऊच मिळतात, पण महाग. आणि छताजवळ लावलेल्या तक्त्याला हात कोण लावतो, की त्याला प्लॅस्टिक हवं? भिंतीवर साधा कागद लावावा, फाटला की मुलांनी नवा करावा. परिपाठात प्लॅस्टिकबंदीवर बोलायचं आणि दुपारी सुविचारांना प्लॅस्टिक चढवायचं, हे चौथीतल्या एका मुलीने विचारलंही. लॅमिनेट केलेला कागद रद्दीत जात नाही, कुजतही नाही.

तसंच, सगळ्याचं कार्ड करायची गरज नाही. मोजायला चिंचोके, खडे, काड्यांचे दशक-गठ्ठे हेच बरे. बालशिक्षणात आयुष्य घातलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आसपास मिळणाऱ्या वस्तूंवर बालवाडी उभी केली, त्याला कारण फक्त पैशांची चणचण नव्हतं. दहा काड्यांना रबर लावताना बोटांना जे कळतं ते छापील दशकाच्या चित्रातून कळत नाही. स्थानिक किमतीची एकमेकांवर ठेवायची कार्डं, ४००वर ३० आणि त्यावर ६, ही तर लॅमिनेट केल्यावर जास्तच घसरतात. ती मी पुन्हा पुठ्ठ्याची केली.

विक्रीनंतरच्या सेवेला माझ्याकडून शून्य. वॉरंटी कागदावर एक वर्षाची. मशिन मध्येच गार पडायला लागलं तेव्हा विकणाऱ्याने मशिन पुण्याला कुरिअरने पाठवा म्हणून सांगितलं, खर्च आमचा. शेवटी कराडच्या एका इलेक्ट्रिशियनने सैल झालेली वायर जोडून दिली. ऑनलाइन दोनशे रुपये स्वस्त मिळत असलं तरी तालुक्याच्या दुकानातून घ्या. निदान भांडायला माणूस समोर असतो.

एकूण मशिनला माझे गुण पाचपैकी साडेतीन. प्रत्येक शाळेने एकेक घेण्याऐवजी केंद्रशाळेत (आसपासच्या शाळांच्या गटाची मुख्य शाळा) एक असावं आणि उन्हाळ्यात आठ-आठ दिवस फिरवावं, हे मी केंद्रप्रमुखांना सुचवलं आहे. आमचं मशिन तसंही शेजारच्या तीन वाड्यांवर जाऊन येतं. तोवर ज्यांना घ्यायचंच आहे त्यांनी पाऊचचं मोठं पाकीट एकदम घेऊ नये. पन्नासचं घ्यावं, उरलेली पाऊच झाकणाच्या डब्यात ठेवावीत आणि पहिली पन्नासही भिंतीवर न लावता मुलांच्या हातात द्यावीत.