तिसऱ्याच दिवशी गुडघा दुखायचा थांबला, तिथंच शंका यायला हवी होती

आईचे गुडघे सहा वर्षं दुखताहेत. कऱ्हाडला एका मंगल कार्यालयात ‘मोफत हाडांची तपासणी’ होती. तिथं तिची टाच यंत्रात ठेवून ‘हाडं पोकळ झालीत, माऊली’ असं सांगितलं आणि कॅप्सूलचा डबा हातात दिला. साठ कॅप्सूल, ३,८०० रुपये. डब्यावर हिरवं पान, शल्लकी, गुग्गुळ, हळद आणि ‘शंभर टक्के नैसर्गिक’. पैसे मीच पुण्याहून फोनवरून पाठवले.

तिसऱ्या दिवशी आई जिना चढून गच्चीवर पापड घालून आली. मी खूश. दिवाळीत गेले तेव्हा माझी अर्धशिशी उठली होती, म्हणून तिच्या डब्यातली एक मीही घेतली. तासाभरात डोकं हलकं! ऑफिसातल्या दोघींना नंबर देऊन मोकळी झाले, त्याची लाज आजही वाटते. शल्लकी-हळदीचा गुण यायचाच तर सावकाश येतो. तीन दिवसांत वंगण घातल्यासारखा गुडघा फिरतोय, म्हणजे आत झाडपाल्याखेरीज काहीतरी आहे, हे कळायला शिक्षण लागत नाही. पण दुखणं थांबलेल्या माणसाला प्रश्न पडत नाहीत.

चौथ्या महिन्यात आईचा चेहरा गोल झाला. शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘अंगाला लागतंय हो वहिनी.’ हातावर उगाच काळेनिळे डाग, रात्री तीन-तीनदा लघवीला उठणं. मग एकदा पार्सल आठवडाभर अडकलं आणि आई पार कोसळली. उलट्या, चक्कर, उभं राहवेना. कंपनीच्या नंबरवर फोन केला, तर पलीकडचा मुलगा गोड आवाजात म्हणाला, ‘शरीरातली घाण बाहेर पडतेय मॅडम. डबा आला की डबल डोस द्या.’

डॉक्टरांनी फाइल उघडलीच नाही. आईच्या तोंडाकडे बघून विचारलं, ‘गुडघ्यासाठी कुठली पुडी चालू आहे?’ साखर ३१०. सकाळी आठची कॉर्टिसोलची, म्हणजे शरीर स्वतः बनवतं त्या स्टेरॉइडची, तपासणी केली, ते जवळजवळ नाहीच. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी स्वतःचं बनवणं सोडून देतात आणि बाहेरचं एकाएकी तुटलं की माणूस असा पडतो, असं त्यांनी समजावलं. मग त्यांनी रीतसर स्टेरॉइडच दिलं आणि कित्येक महिने थोडंथोडं कमी करत आणलं. म्हणून कुणाच्या घरी असा डबा चालू असेल, तर रागाच्या भरात तो कचऱ्यात फेकून गोळ्या बंद करू नका. डबा पिशवीत घाला आणि तसाच डॉक्टरांपुढे ठेवा.

आमच्या डब्याचा प्रयोगशाळेचा अहवाल अजून यायचाय. पण हा प्रकार नवा नाही. २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने, ‘आर्ट्री किंग’ या सांधेदुखीवरच्या पूरकाबद्दल इशारा दिला होता. लेबलवर नाव नसलेलं डेक्सामेथासोन आणि डायक्लोफिनॅक त्यात सापडलं होतं. एक सूज-वेदना दाबणारं स्टेरॉइड, दुसरं वेदनाशामक. माझं डोकं तासाभरात का उतरलं असेल, ते तेव्हा उमगलं.

डब्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी क्रमांक होता, तोही मी उशिराच तपासला. तो निघाला भलत्याच जिल्ह्यातल्या मसाल्याच्या कारखान्याचा. बरं, एफएसएसएआयचा परवाना हा खाद्यपदार्थाचा. त्याच्या जोरावर ‘संधिवात मुळापासून बरा’ असं छापताच येत नाही. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे (१८००२२२३६५) आणि ग्राहक हेल्पलाइनला (१९१५) तक्रार केली आहे. कंपनीचा तो नंबर आता लागत नाही, आणि बिल तर कधी दिलंच नव्हतं.

ऑफिसातल्या दोघींना फोन करून सगळं सांगितलं. एकीनं डबा बहिणीला दिला होता.

आईचा गुडघा पुन्हा दुखतोय. व्यायाम सुरू आहेत, साखरेची गोळी मागे लागली आहे. परवा फोन ठेवता ठेवता हळूच म्हणाली, ‘त्यातल्या दोन-चार राहिल्यात का गं कुठं? लग्नाला जायचंय, तेवढ्यापुरत्या.’