जुन्या छोट्या गाडीत हेडलाइटचा रिले हार्नेस आणि नवी अर्थिंग: काही महिन्यांच्या वापरानंतर

हेडलाइटचा उजेड पिवळट पडतो, ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटर मंदावतो आणि सेल्फ मारताना कधीकधी नुसताच ‘टक्’ असा आवाज येतो. जुन्या छोट्या गाडीत या तीन तक्रारी बहुधा एकत्रच दिसतात आणि त्यावर सरसकट रिले हार्नेस, म्हणजे छोट्या करंटने चालणारा स्विच (रिले) असलेला आणि हेडलाइटला थेट बॅटरीपासून करंट देणारा तारांचा तयार संच, सुचवला जातो. धुवाधार पाऊस, ऊन आणि रात्रीचे लांबचे प्रवास झाल्यावर मत पक्के आहे: हार्नेस उत्तम वस्तू आहे, पण तीनपैकी पहिलीच तक्रार त्याच्या आवाक्यातली. उरलेल्या दोन अर्थच्या, म्हणजे करंट बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणाऱ्या जोडणीच्या आहेत, आणि पहिलीतही अर्थचा वाटा असतोच. म्हणून खरेदीच्या आधी मल्टीमीटर हातात घ्या.

मोजणी लाइट चालू ठेवूनच करायची. लाइट बंद असताना गंजलेली तारही पूर्ण व्होल्टेज दाखवते, कारण तिच्यातून करंटच वाहत नसतो. इंजिन चालू, लो बीम चालू, मीटर २० व्होल्ट डीसीवर. बॅटरीवर १३.८ व्होल्ट होते आणि बल्बच्या मागच्या पिनांवर ११.८. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो, म्हणजे या दोन व्होल्टमागे ४० टक्क्यांच्या आसपास उजेड जातो. मग बॅटरीची निगेटिव्ह आणि बल्बची अर्थ पिन यांच्यामध्ये मीटर लावला: ०.६ व्होल्ट. इथे ०.१ च्या वर काही दिसले तर अर्थ खराब समजावी. उरलेले १.४ व्होल्ट स्विच, जुने कनेक्टर आणि बारीक तारा खात होत्या. तेवढेच काम हार्नेसचे.

अर्थ आधी केली. बॅटरी निगेटिव्हपासून बॉडीला आणि बॉडीपासून इंजिनला अशा १६ चौरस मिलिमीटरच्या दोन नव्या केबल, टिनचा मुलामा असलेले तांब्याचे लग (तारेच्या टोकाला दाबून बसवायची कडी), आणि हेडलाइटच्या अर्थसाठी वेगळा बोल्ट. रंग खरवडून धातू चकाकेपर्यंत काचपेपर मारा, दातेरी वॉशर घाला, बोल्ट घट्ट आवळा आणि त्यानंतर वरून व्हॅसलीन लावा. इंजिनची अर्थ तुटलेली असली की स्टार्टरचा करंट ॲक्सिलरेटर किंवा क्लचच्या केबलमधून वाट काढतो. सेल्फ मारल्यावर केबल कोमट लागली तर दुसरा पुरावा शोधायची गरज नाही. या कामानंतर ‘टक्’ पूर्ण थांबला आणि तो परत आलेला नाही.

आता हार्नेस. जुन्या रचनेत दोन्ही बल्बचा ९ ते १० अँपिअर करंट स्टिअरिंगजवळच्या कॉम्बिनेशन स्विचमधून जातो. त्याचे प्लास्टिक वितळते ते यामुळेच. रिले लावल्यावर स्विचकडे फक्त रिलेला चालू करणाऱ्या आतल्या कॉइलचा ०.२ अँपिअरच्या आसपासचा करंट उरतो. मुख्य करंट बॅटरीपासून फ्यूजमार्गे ३० नंबरच्या पिनवर येतो आणि ८७ मधून बल्बला जातो. ८५ आणि ८६ कॉइलच्या पिना.

इथे एक अडचण आहे, आणि विकणारे ती क्वचितच सांगतात. काही गाड्यांत, विशेषतः जपानी रचनेच्या, स्विच पॉझिटिव्ह तोडत नाही, अर्थ तोडतो. दोन्ही हेडलाइटचे कनेक्टर काढा. एकच काढला तर दुसऱ्या बल्बमधून फिरून आलेला करंट फसवतो. लाइट चालू करून लो-हाय बदला. १२ व्होल्ट एका पिनवरून दुसऱ्या पिनवर सरकले तर साधी पद्धत. एकाच पिनवर कायम राहिले तर अर्थ-स्विचिंग. अशा गाडीत ज्या हार्नेसची कॉइल बॉडीला अर्थ केली आहे तो चालणार नाही. ८५ जुन्या सॉकेटच्या कॉमन (लो-हाय दोन्हींच्या सामाईक) पिनला जोडलेली असेल तर चालतो, फक्त रिलेच्या आत डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) नको.

बसवताना रिलेच्या पिना जमिनीकडे ठेवा, म्हणजे सॉकेटमध्ये पाणी साचत नाही. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा. त्याच्या अलीकडची तार घासून बॉडीला लागली तर तिला वाचवणारे काही नसते. ६०/५५ वॉटच्या बल्बला २० अँपिअरचा पिवळा फ्यूज आणि २.५ चौरस मिलिमीटरची तार पुरते.

महिन्यांनंतरचा हिशेब असा. बल्बवर आज १३.४ व्होल्ट आहेत, बसवल्या दिवशीइतकेच. सिरॅमिकचे बल्ब होल्डर जसेच्या तसे. रिले गरम होत नाहीत. पण हार्नेससोबत आलेला फ्यूज होल्डर लवकरच तपकिरी पडू लागला, कारण त्याच्या पत्त्या फ्यूजला सैल धरत होत्या. झाकणाचा, रबर सील असलेला होल्डर लावल्यावर तो प्रश्न संपला. बॅटरीकडचा एक लग तारेऐवजी तिच्या प्लास्टिकवर दाबलेला निघाला. नवा हार्नेस आला की प्रत्येक लग ओढून बघाच. दोन्ही दोष किरकोळ आहेत, पण आग याच जागी लागते.

जोडांबद्दल आग्रहाने सांगावेसे वाटते: इंजिनजवळ सोल्डर टाळा. ते तारेच्या बारीक धाग्यांमध्ये आत चढते, तेवढा भाग ताठ होतो आणि हादऱ्यांनी नेमका त्याच्या कडेला तुटतो. योग्य मापाचा क्रिंप (दाबून केलेला जोड) आणि त्यावर आतून गोंद असलेली हीटश्रिंक नळी, असे सगळे जोड टिकले. साधी काळी टेप उष्णतेने चिकट होऊन सुटते; गुंडाळायला कापडी टेप घ्या.

ब्रेकबरोबर मंदावणारा इंडिकेटर हा मागच्या दिव्याच्या अर्थचा दोष. बल्बला परतीची सरळ वाट नसली की करंट शेजारच्या बल्बमधून उलटा फिरतो. होल्डरच्या अर्थ पत्तीपासून बॉडीपर्यंत १ चौरस मिलिमीटरची नवी तार टाकली की काम झाले. डिकीच्या बिजागरीजवळची रबरी नळीही सरकवून बघा. वाकून वाकून तारा तिथेच आतून तुटतात आणि बाहेरचे प्लास्टिक मात्र धड दिसते.

सगळे जोडल्यावर गाडी बंद करून, दारे लावून, बॅटरीच्या निगेटिव्हवर मीटर १० अँपिअरच्या सॉकेटमधून मालिकेत लावा. या अवस्थेत सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. आकडा ५० मिलीअँपिअरच्या आत हवा. जास्त आला तर एकेक फ्यूज काढत जा. ज्याच्यामुळे आकडा पडेल त्याच सर्किटमध्ये गळती आहे.