गच्चीवरची कोजागिरी आणि भाड्याचे ऐंशी हेडफोन

आमच्या सोसायटीची कोजागिरी गच्चीवर होते. ठाण्यात घोडबंदर रोडला, मानपाड्याच्या पुढे. एका बाजूला येऊरचा डोंगर, दुसऱ्या बाजूला मेट्रोचे खांब, आणि मधोमध गॅसच्या शेगडीवर दुधाचं पातेलं. अडचण दरवर्षीची एकच. दूध आटेपर्यंत दहा वाजतात आणि दहाला स्पीकर बंद करावा लागतो. मग बायका भेंड्या लावतात, पुरुष पार्किंगवरून भांडतात, पोरं मोबाइलमध्ये जातात. यंदा कमिटीतल्या पोरांनी सायलेंट डिस्कोचे, म्हणजे स्पीकरऐवजी ज्याच्या त्याच्या कानात गाणं वाजवणारे, हेडफोन भाड्याने आणले.

हिशोब आधी सांगतो. ८० हेडफोन, तीन ट्रान्समीटर, एका हेडफोनला रात्रीचे १२० रुपये, टेम्पोचे वेगळे आणि ५००० अनामत. देणाऱ्याचं नाव लिहीत नाही. पोरगा कष्टाळू आहे आणि माझ्या तक्रारी त्याच्यापेक्षा त्याच्या मालाबद्दल आहेत. सातला येतो म्हणाला, सव्वाआठला आला. विटाव्याला अडकलो म्हणाला. तिथे कोण अडकत नाही, त्यामुळे माफ. वायर जोडणं, चार्जिंग तपासणं, आजी-आजोबांना बटणं समजावणं हे त्याने एकट्याने अर्ध्या तासात केलं.

व्यवस्था सोपी आहे. लॅपटॉप किंवा मोबाइल वायरने ट्रान्समीटरला जोडायचा, तो रेडिओ लहरींवर गाणं सोडतो, हेडफोन ते पकडतो. ब्लूटूथ नाही, म्हणून ऐंशी जणांना एकदम तोच ठोका मिळतो, मागेपुढे होत नाही. कानावरच्या बटणाने चॅनल बदललं की बाहेरचा दिवा बदलतो. लाल हिंदी-मराठी, हिरवा गरबा, आणि निळा माझा.

निळा माझा कसा झाला? मी सतरा वर्षं ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवला. गडकरी रंगायतनपासून ते वागळे इस्टेटमधल्या गणेशोत्सवाच्या मांडवापर्यंत. आता घरी क्लास घेतो, म्हणून बिल्डिंगमध्ये सगळे मला मास्तर म्हणतात. कमिटीने विचारलं, तिसऱ्या चॅनलवर काय लावायचं? मी म्हटलं, मला द्या, मी बाहेरचं डान्स-पॉप लावतो. लेक म्हणाली, "बाबा, तुझ्या चॅनलवर तू एकटाच असशील." अगदी तसं झालं नाही. सगळ्यात जास्त गर्दी होती तेव्हा निळे दिवे मी मोजले, अकरा होते.

हेडफोन तपासायला मी गायिका डोना समरचं १९७७ चं ‘आय फील लव्ह’ लावलं. म्युनिकमध्ये जॉर्जिओ मोरोडर आणि पीट बेलॉट यांनी केलेलं. कीथ फोर्सीने वाजवलेली किक, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, सोडली तर त्यात जवळपास सगळं मूग कंपनीच्या सिंथसायझरवर आहे. त्यातला बेस डाव्या कानात वाजतो आणि त्याचाच प्रतिध्वनी, अगदी थोड्या उशिराने, उजव्या कानात. दोन्ही मिळून मधल्या जागा भरतात आणि बेस धावायला लागतो. उजवा कान काढून पाहा, तो धावणारा माणूस एकदम चालायला लागतो. वरती बाई मात्र लांब, सावकाश सूर लावते. शब्द चार-पाच, तेच परत परत. ती काही सांगत नाही, तरंगते. खाली यंत्र न दमता पळतंय आणि वर शरीर हलकं झालंय. प्रेमात पडल्याचं शब्दात जे सांगितलेलं नाही ते सगळं या दोन वेगांत आहे. तर, ८० पैकी मी तपासलेल्या दहांत दोन हेडफोनमध्ये डावं-उजवं उलटं होतं आणि एकात उजवा कान मुका. स्पीकरवर हे कळलंही नसतं.

मोठी तक्रार बेसची. या हेडफोनमध्ये खालचा आवाज मुद्दाम फुगवलेला आहे, किक आणि बेस एकमेकांत कालवले जातात. नाचायला ठीक, ऐकायला खिचडी. मी लॅपटॉपवरच खालच्या पट्ट्या उतरवल्या तेव्हा कुठे गाणं उलगडलं. तुम्ही घेणार असाल तर हे आधी करा. आणि ट्रान्समीटर लिफ्टच्या मशीनरूमला टेकवून ठेवू नका. लिफ्ट हलली की आमच्या निळ्यात खरखर यायची. ऑक्टोबरचा उकाडा, त्यात कानावर रेक्झिनच्या गाद्या, त्याबद्दल काय लिहायचं.

मग शेर या अमेरिकन गायिकेचं ‘बिलीव्ह’. १९९८ चं. ऑटोट्यून हे सॉफ्टवेअर आदल्याच वर्षी बाजारात आलं होतं. ते बनवणारा अँडी हिल्डेब्रँड आधी तेलाच्या शोधासाठी जमिनीखालून परतणाऱ्या लहरींचं गणित करायचा. सूर हळूच सरळ करायला बनवलेलं हे साधन शेरच्या निर्मात्यांनी पार टोकाला नेऊन लावलं आणि काही काळ लोकांना व्होकोडर, म्हणजे आवाज यंत्रासारखा करणारं जुनं उपकरण, वापरल्याचं सांगून वेळ मारून नेली. आपल्या भाषेत सांगायचं तर त्यांनी मींड काढून टाकली. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं नाही. पेटीसारखं, ही पट्टी, मग ती पट्टी. आपल्याकडे रडं कुठे असतं? मींडेत. दोन सुरांच्या मधल्या जागेत गायकाचा गळा भरून येतो. आणि हे गाणं आहे सोडून गेलेल्या माणसानंतर उभं राहणाऱ्या बाईचं. पहिल्याच कडव्यात, कितीही केलं तरी मला पलीकडे पोचता येत नाही असं ती म्हणते, आणि नेमका तिथे आवाज काचेसारखा तडकतो. जिथे हुंदका यायचा तिथे यंत्र येतं. बाकी वेळ तिचा नेहमीचा दमदार, जाड आवाज. वीस वर्षं लोकांनी या गाण्याला ‘रोबो आवाज’ म्हणून हसण्यावारी नेलं, मीही नेलं. हेडफोनमध्ये, आवाज डोक्याच्या बरोबर मध्ये असताना, तो रोबो वाटत नाही. रडायचं नाही असं ठरवून बोलणारी बाई वाटते.

कायली मिनोगच्या २००१ च्या गाण्याबद्दल फार लिहीत नाही. तू डोक्यातून जात नाहीस एवढंच त्यात म्हणायचंय, आणि सुरुवातच ‘ल ल ला’ने होते, ते जातच नाही. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या ताईसुद्धा ते गुणगुणत होत्या. लेकीकडून लागलं असणार.

गंमत झाली डाफ्ट पंक या फ्रेंच जोडीच्या ‘वन मोर टाइम’ला. २००० सालचं गाणं, गळा रोमँथनीचा. आणखी एकदा, साजरं करू या, थांबायचं नाही, एवढाच मजकूर. पण गाण्याच्या मध्यात ठोका काढून घेतलाय, आणि तोही चार मात्रांपुरता नाही, चांगला मोठा पट्टा. नुसता आवाज आणि खाली पसरलेले स्वर. निळ्यातल्या तिघांना वाटलं बॅटरी गेली. एक काका कानावर चापट्या मारत माझ्याकडे आले, "मास्तर, बंद पडलं हो." मी म्हटलं, "थांबा, येतोय." आणि काका तसेच उभे, हात हेडफोनवर, वाट बघत. ठोका परत आला तेव्हा त्यांचा चेहरा बघायला हवा होता. शब्द म्हणतात ‘आणखी एकदा’, आणि रचना ते मागायची वेळच ऐकणाऱ्यावर आणते. काकांना इंग्रजी येतं, पण शब्दांकडे त्यांचं लक्षही नव्हतं.

ऑर्केस्ट्रात आमचे नियम ठरलेले असायचे. दुःख आलं की मी कीबोर्डवर स्ट्रिंग्जचा, म्हणजे व्हायोलिनांचा आवाज लावायचो, लय खाली. आनंद आला की ब्रास. ऑक्टोपॅडवाला डिस्को म्हटलं की कुठल्याही गाण्यात ‘ट्यूं’ टाकायचा, मग ते विरहाचं असो की बारशाचं. लोक टाळ्या वाजवायचे, आम्हाला वाटायचं बरोबर आहे.

म्हणून रॉबिन या गायिकेचं ‘डान्सिंग ऑन माय ओन’ मी साडेअकराला, सगळे जरा थकल्यावर लावलं. २०१० चं, स्वीडनचं. रॉबिनच्या जोडीला पॅट्रिक बर्गर. गोष्ट इतकीच की क्लबच्या कोपऱ्यात ती उभी आहे, समोर तो दुसरीबरोबर आहे, आणि तिच्याकडे त्याचं लक्ष नाही. आमच्या नियमाने इथे लय पडायला हवी, व्हायोलिनं हवीत. इथे सिंथचा बेस पहिल्या क्षणापासून धडधडायला लागतो आणि ती कितीही कोसळली तरी तो तिच्यासाठी थांबत नाही, हळू होत नाही, सूरही फारसा बदलत नाही. क्लब तिच्यासाठी कशाला थांबेल? वर तिचा आवाज साधा, फारसा न सजवलेला. ठोका क्लबचा आणि आवाज तिचा, दोन्ही एकाच वेळी कानात. हे गाणं मी कारमध्ये शंभरदा ऐकलं असेल. पण त्या रात्री माझ्यासमोर साठ-सत्तर माणसं वेगळ्याच गाण्यावर नाचत होती, हिरवे गोल फिरत होते, लाल उड्या मारत होते, आणि मला त्यांचा ठोका ऐकू येत नव्हता. माझ्या ठोक्यावर कोणाचाच पाय पडत नव्हता. त्या गाण्यात उभं राहणं म्हणजे काय ते भाड्याच्या त्या १२० रुपयांत कळलं. हेडफोनचा दर्जा काढला तर बाजारात याहून कितीतरी चांगले मिळतील, पण ही जागा त्यांच्याबरोबर मिळत नाही.

बी विंगमधल्या आजी प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या. त्यांचा दिवा निळा होता. बहुतेक चुकून दाबला गेला असणार. पाय हलत होता. गाणं संपल्यावर त्यांनी मला खुणेने बोलावलं.

"मास्तर, ही पोरगी रडतेय ना हो?"

"शब्द कळले तुम्हाला?"

"शब्द कुठले कळतायत. पण खालचं ते थांबतच नाही ना तिच्यासाठी."

मी क्लासमध्ये हे समजावायला पाऊण तास घेतो.

आता फसलेलं. बाराच्या सुमाराला लालवर ‘झिंगाट’ लागलं. ‘सैराट’, २०१६, अजय-अतुल. निळे आणि हिरवे सगळे दिवे एका मिनिटात लाल झाले, माझाही. आणि मग हेडफोन गळ्यात यायला लागले. मी आधी पोरांवर वैतागलो, मग माझ्या लक्षात आलं की ते गाणं कानात मावतच नाही. त्यातली झिंग एका माणसाची सांगितलीय, पण बांधणी सगळी वरातीची आहे. हाळी आहे, घोळक्याने ओरडायच्या जागा आहेत. तुम्ही ओरडला नाहीत तर गाणं अर्धं राहतं. हेडफोनमध्ये तो घोळका रेकॉर्डिंगमधला, आणि खरा घोळका समोर मुका उभा. हे कोणाला सहन होणार? ऐंशी माणसं गळ्यात हेडफोन अडकवून, कानात काही नसताना, बेसूर आणि पूर्ण आवाजात गायला लागली. ठोका टाळ्यांचा. वॉचमन धावत वर आला, म्हणाला सायलेंट आहे ना तुमचं? सेक्रेटरींनी त्याला दुधाचा ग्लास दिला.

तेव्हा माझं मत असं. नाचवायला म्हणून हे हेडफोन घेत असाल तर पैसे वाया जातील. गरबासुद्धा टाळीचा आवाज कानात न आल्याने जरा फिकाच होता. पण गर्दीत उभं राहून एकट्याने ऐकायची गाणी असतील तर पुढच्या वर्षीही बोलवा. बेस उतरवा, डावं-उजवं तपासा, आणि कानांच्या गाद्यांवर घालायला कापडी खोळी मागून घ्या. आम्हाला त्या मिळाल्या, पण मागितल्यावर.

सकाळी पोरगा मोजायला आला तर ७९. एक कुठेच नाही. टाकीमागे पाहिलं, लिफ्टरूममध्ये पाहिलं, पातेल्याखालीसुद्धा पाहिलं. अनामतीतून कापणार म्हणून कमिटीचे चेहरे उतरले. तेवढ्यात बी विंगच्या आजी लिफ्टमधून बाहेर आल्या. हातात हेडफोन, दिवा अजून मिणमिणता निळा.

"घ्या बाई हे तुमचं," त्या म्हणाल्या. "आमच्या घरी यात काहीच लागत नाही हो."