प्लॅनिंग अ‍ॅनालिटिक्स, आठ महिन्यांनंतर: सेव्ह झालं म्हणजे कमिट झालं असं नाही

जालन्यात एका बियाणे कंपनीत मी विक्रीचं नियोजन बघतो. नोव्हेंबरात एक्सेल सोडून आयबीएमच्या प्लॅनिंग अ‍ॅनालिटिक्स या नियोजनाच्या सॉफ्टवेअरवर आलो. जुनी मंडळी त्याला अजून टीएम-वन या जुन्या नावानंच ओळखतात. यंदाच्या खरिपाची अख्खी तयारी त्यावरच केली.

यात प्रत्येकाला आपापला सँडबॉक्स, म्हणजे आकडे मांडून बघायची खाजगी प्रत, उघडता येते. तिथे बदललेला आकडा निळा दिसतो, बेरजाही बदलतात, ब्राउझर बंद करून उद्या उघडलं तरी आकडा जागच्या जागी. पण तो फक्त तुम्हालाच दिसतो. कमिट केल्यावरच तो बेसमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या मूळ आकड्यांत, जातो आणि सगळ्यांचा होतो.

मे महिन्यात नेमकं हेच नडलं. भोकरदनकडचे शेतकरी मक्याकडे वळतायत म्हणून तिथल्या एरिया मॅनेजर दादांनी बीटी कपाशीची पाकिटं १८,००० वरून १४,५०० केली. फोनवर म्हणाले, ‘‘केलंय सेव्ह.’’ पॅकिंगची यादी काढली तर बेसमध्ये १८,०००च! ४७५ ग्रॅमचं पाकीट तेव्हा ९०१ रुपयांचं होतं. साडेतीन हजार पाकिटं म्हणजे साडेएकतीस लाखांचा माल. फोन आठवला म्हणून यादी अडवली, नाहीतर एवढा माल हंगामानंतर डीलरकडून परत आला असता. तेव्हापासून संध्याकाळी निळा आकडा ठेवून कोणी उठत नाही.

तरी सँडबॉक्स मला हवाच. पाऊस लांबला तर काय, हे बेसला हात न लावता मांडून बघता येतं. एक्सेलमध्ये यासाठी ‘फायनल’, ‘फायनल२’ अशा फायली साठायच्या.

सगळा डेटा रॅममध्ये चालतो, त्याची मला धास्ती होती. एकदा वळवाच्या वाऱ्यात लाइट गेली, यूपीएसही बसला. सर्व्हर पुन्हा चालू केल्यावर कमिट केलेले आकडे ट्रान्झॅक्शन लॉगमधून, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या फाइलमधून, परत आले. तेवढ्यासाठी क्यूबचं, म्हणजे आकडे ज्यात साठतात त्या तक्त्याचं, लॉगिंग चालू हवं, हे बसवणाऱ्याला विचारून घ्या.

एक गोष्ट मात्र सांभाळा. एकाच सेलवर दोघांनी काम केलं तर शेवटी कमिट करणाऱ्याचा आकडा राहतो. अंबडच्या सोयाबीनचं असंच झालं. कोणी, कधी, किती बदललं ते लॉगमध्ये सापडलं, म्हणून वाद मिटला. आता प्रत्येक तालुक्याचे आकडे लिहिण्याची परवानगी एकालाच दिली आहे. बाकीच्यांना ते नुसते बघता येतात.